शेजार पुरस्काराचा तिसरा परीक्षक

रविवार, १६ जुलै २००६

‘सिंगापुरातल्या माझ्या बौद्ध बांधवांनो आणि भगिनींनो! आपल्या ताटात जे कधी जेवले नाहीत, त्यांनी आपल्यावर ग्रंथ लिहिले. आपल्या ओट्यावर जे कधी टेकले नाहीत, त्यांनी आपल्याला सबुरी शिकवली. मार आपण खायचा आणि समजूनही आपणच घ्यायचं! ही चीड माझ्या एकट्याची नाही, या सभागृहातल्या प्रत्येकाची आहे.’

भाषणाचं तोंड जमलं. १५ ऑक्टोबरला अजून वेळ आहे, पण दीक्षेचा सुवर्णमहोत्सव आहे आणि इथल्या आमच्या बौद्ध मंडळाचा मुख्य वक्ता मी. तोंड आधी हवं, धड मागून येतं. त्यानंतर वडिलांच्या कपाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय लोक मला खाली बसू देत नाहीत. गावच्या हॉटेलाबाहेर आमच्या माणसांसाठी खिळ्याला टांगलेला कान तुटका कप, आणि वडिलांनी तो दगडावर आपटला तो दिवस. दरवर्षी सांगतो, दरवर्षी पुढच्या रांगेत डोळे पुसले जातात.

आज मंडळाची बैठक आमच्याकडेच झाली. अध्यक्ष बाबूरावांनी स्मरणिकेचं संपादनही माझ्याच गळ्यात घातलं. सुमियातीनं सगळ्यांना कांदेपोहे केले. जावा बेटावरून घरकामाला आलेली मुलगी, पण दोन वर्षांत माझ्या बायकोच्या, हिराच्या हाताखाली अशी तयार झाली की बाबूराव म्हणाले, “प्रबोधसर, मेड मिळावी तर अशी. नशीब लागतं.”

आता खरी बातमी. मिसेस टेओंचा फोन आला होता. या निवृत्त मुख्याध्यापिका. बुकित पंजांगच्या आमच्या वस्तीत सर्वधर्मीयांची जी समिती आहे, तिथली ओळख. कुठली तरी परदेशी संस्था ‘शेजार पुरस्कार’ देते. दरवर्षी एक अरब पत्रकार, एक इस्रायली पत्रकार. दोन समाजांत समज वाढवणाऱ्या लेखनासाठी. त्यांच्या मुलखात दोघांना मान्य होईल अशी जागा सापडत नाही, म्हणून यंदाचा समारंभ सिंगापुरात. परीक्षक तीन: एक अरब प्राध्यापक, एक इस्रायली संपादक आणि तिसरा दोन्हीकडचा नसलेला. तो तिसरा मी व्हावं, असं बाईंचं म्हणणं.

मी भडकलोच. लेबनॉनवर चार दिवस बॉम्ब पडतायत, तिकडे इस्रायलच्या गावांवर रॉकेटं, आणि हे लोक समज वाटायला निघालेत! म्हटलं, “मानेवर ज्याच्या बूट आहे त्यानं बुटाची बाजू समजून घ्यायची, आणि वर त्याचं बक्षीस?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही असं बोलता म्हणून तर तुम्हाला विचारलं. आधी नियम वाचा. मग भांडा.”


शनिवार, २९ जुलै

नियम वाचले. भांडण अर्धं विरलं, हे मला आवडलेलं नाही.

लेख आपल्याच भाषेत, आपल्याच वाचकांसाठी छापलेला हवा. आणि तो आपल्याच माणसांना पाहावंसं वाटत नाही अशा गोष्टीबद्दल हवा. समोरच्याची पापं मोजणारा लेख चालत नाही. म्हणजे बूटवाल्यानं बुटाबद्दल लिहायचं. हे मला समजतं. हे मी आयुष्यभर मागत आलोय!

आणखी एक रिवाज आहे. समारंभात विजेते आपला लेख वाचत नाहीत. एकमेकांचा वाचतात. इस्रायली माणसाच्या तोंडून अरबाचा लेख, अरबाच्या तोंडून इस्रायलीचा.

इंग्रजी भाषांतरांचा गठ्ठा रेल्वेत, कॅन्टीनमध्ये, आंग मो किओच्या कारखान्यात मशीन थंड होईपर्यंत, असा वाचला. बहुतेक गुळमुळीत. कबुतरं, ऑलिव्हच्या फांद्या. दोन मात्र अंगावर आले.

पहिला रूत नावाच्या इस्रायली बाईचा. तिच्या गल्लीत एक पॅलेस्टिनी गवंडी वर्षानुवर्षं घरं बांधतो. सगळी गल्ली त्याला ज्याच्या घराचं काम चालू असेल त्या घरमालकाच्या नावानं हाक मारते. त्याचं नाव कुणी विचारलेलं नाही. पाहुण्यांना पाणी काचेच्या पेल्यात, त्याला कागदी. आणि हे सगळं ती दुसऱ्यांबद्दल लिहीत नाही. पहिला कागदी पेला तिच्या घरचा.

ते वाचताना वडिलांचा कप डोळ्यांपुढे आला आणि कॅन्टीनमध्ये मला चष्मा काढावा लागला.

दुसरा लेख नादिर या पॅलेस्टिनी पत्रकाराचा. इस्रायली शहरात बसमध्ये स्फोट झाला त्या संध्याकाळी त्याच्या गल्लीत कुणीतरी मिठाई वाटली. ताट त्याच्या आईच्या दारात आलं. आईनं दार लावून घेतलं. तिचा स्वतःचा एक मुलगा सैनिकांच्या गोळीनं गेलेला, तरी. नादिरनं गल्लीचं नाव छापलं. स्वतःच्या गल्लीचं!

याला म्हणतात लेखणी.


बुधवार, ९ ऑगस्ट

राष्ट्रीय दिन. सुट्टी. ब्लॉकच्या प्रत्येक मजल्यावर लाल-पांढरे झेंडे, डोक्यावरून विमानांच्या कवायती.

मिसेस टेओंचा ईमेल: समारंभ पुढे ढकलावा असं संस्थेतल्या काहींना वाटतं. युद्ध चालू आहे, दोन्हीकडे माणसं मरतायत, भावना तीव्र आहेत, वेळ योग्य नाही.

वेळ योग्य नाही! हे तीन शब्द मला दिसले की माझं डोकं फिरतं. आमच्या सात पिढ्यांना हेच तीन शब्द ऐकवले गेले. आत्ता नको, लोक दुखावतील. आत्ता नको, सण आहे. आत्ता नको, पाहुणे आहेत. मी उलट लिहिलं: ‘खरं बोलण्याची योग्य वेळ ठरवण्याचा अधिकार ज्याला खरं ऐकायचं नाही त्याला कुणी दिला? आपल्याच माणसांना आरसा दाखवणाऱ्याला एकटं पाडू नका. समारंभ ठरल्या दिवशी होत नसेल तर माझा राजीनामा समजा.’

हिराला वाचून दाखवलं. ती नोव्हेनाच्या हॉस्पिटलातली रात्रपाळी करून आली होती. “छान आहे,” म्हणाली आणि सोफ्यावरच झोपली. सुमियातीनं हळूच तिच्या अंगावर चादर घातली, मग आपल्या नारिंगी मगात चहा घेऊन मागे कपडे वाळत घालतात तिथे जाऊन उभी राहिली. विमानं बघत असावी.


मंगळवार, १५ ऑगस्ट

लेबनॉनमध्ये युद्ध थांबलं. माझ्या पत्रामुळे नाही, हे मला कळतं. पण समारंभ ठरल्या वेळी होणार, तो माझ्या पत्रामुळे, असं बाई म्हणाल्या. ५ ऑक्टोबर. रूत आणि नादिर, तिघा परीक्षकांचं एकमत.

नादिरचे सहकारी त्याला म्हणतायत, पुरस्कार नाकार, नाहीतर तू फितूर. रूतच्या वर्तमानपत्राला वाचकांची पत्रं येतायत, ही बाई फितूर आहे. बघा, दोन्हीकडचे लोक एकमेकांशी एका शब्दावरही सहमत होत नाहीत, या एका शब्दावर मात्र झाले! संताप येतो. घर झाडणाऱ्याला तुम्ही घर पाडणारा म्हणता?


रविवार, १० सप्टेंबर

उज्ज्वलचा लेख आला.

उज्ज्वल आमच्या मंडळातला सगळ्यात हुशार मुलगा. विद्यापीठात संशोधन करतो. स्मरणिकेसाठी मी स्वतः त्याला लिहायला सांगितलं होतं: दीक्षेनं आपल्याला काय दिलं? आणि हा पठ्ठ्या काय लिहून पाठवतो? ‘आपल्या घरातली वेगळी भांडी.’

म्हणे, मंडळातल्या बऱ्याच घरांत मेडचं ताट वेगळं, मग वेगळा. म्हणे, तिला रविवार नाही, कारण रविवारी आपल्या सभा असतात आणि सभेला चहा लागतो. म्हणे, सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी आपण बाहेर समतेवर टाळ्या वाजवत असू तेव्हा आत घराघरांतून आणलेल्या मेड पुऱ्या तळत असतील. आणि हे वाक्य: ‘आपण गावातली पंगत मोडली आणि इथे स्वयंपाकघरात तीच पुन्हा मांडली.’

नावं कुणाची नाहीत. पण कुणाचं घर ते कळायला नाव कशाला लागतं? महिन्यातून दोन बैठका आमच्याकडे होतात!


शनिवार, १६ सप्टेंबर

उज्ज्वलला बोलावून घेतलं. राग आवरून बोलायचं ठरवलं होतं. तो आवरला नाही.

“हे काय आहे?”

“लेख आहे, दादा. तुम्हीच मागितला होतात.”

“मी दीक्षेवर मागितला होता.”

“दीक्षेवरच आहे.”

“उज्ज्वल, सुमियाती मुसलमान आहे. तिला हलाल सांभाळायचं असतं. भांडी तिच्या सोयीसाठी वेगळी आहेत.”

“तिनं सांगितलं तसं?”

“सांगायचं काय त्यात? उघड आहे. आणि त्या दिवशी पुण्यामुंबईची सगळी सवर्ण मंडळी समोर बसणार आहेत. त्यांचे विश्वासराव प्रमुख पाहुणे. त्यांच्यासमोर आपणच आपली भांडी रस्त्यावर आणायची? त्यांच्या कॉन्डोत काय वेगळं चालतं?”

“तेच चालतं. ते त्यांच्यातल्या कुणीतरी लिहावं. मी माझ्या घराबद्दलच लिहू शकतो ना?”

“सुवर्णमहोत्सव आहे. पन्नास वर्षांतून एकदा येतो. पुढच्या अंकात बघू.”

“म्हणजे वेळ योग्य नाही.”

“नाही! नाही योग्य! आणि ऐकायचंच असेल तर ऐक. बाहेरच्यांपुढे आपल्या माणसांची लाज काढणाऱ्याला आमच्याकडे फितूर म्हणतात.”

तो उठला, आपला कप घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि धुऊ लागला. सुमियाती घाबरून “नो सर, नो सर” करत धावली. त्यानं कप धुतला, तिच्या नारिंगी मगाशेजारी पालथा घातला, मला “जय भीम, दादा” म्हणाला आणि निघून गेला.

नाटकी पोरगा. स्मरणिका सोमवारी छापखान्यात जातेय. त्या पानावर मंडळाच्या सहलीचे फोटो टाकले.


बुधवार, २७ सप्टेंबर

दोन बारीकसारीक गोष्टी.

एक. मिसेस टेओंनी समारंभाची वेळ कळवली. रमझान चालू आहे, पाहुण्यांत अरब आणि मलय मंडळी आहेत, म्हणून जेवण सूर्यास्तानंतर, आणि तोवर सभागृहात कुणासाठीही चहापाणी नाही. वाचून बरं वाटलं. माणसाचा आदर भाषणात नसतो, वेळापत्रकात असतो. हे वाक्य भाषणात घालायचं.

दोन. सुमियातीचं लक्ष नाही. तीन दिवस झाले, आमटीत मीठच नाही, काल भाजीत मूठभर. हिराला म्हटलं, जरा बोल तिच्याशी. हिरा म्हणाली, “तुम्हीच बोला, मी पाळीवर चाललेय.” मी बोललो. सुमियाती मान खाली घालून “सॉरी सर” म्हणाली. आज पुन्हा अळणी.


शुक्रवार, ६ ऑक्टोबर

कालचा समारंभ. सुमात्रातल्या जंगलांच्या आगीचा धूर शहरावर उतरलाय, हॉटेलच्या काचेतून समोरच्या इमारती दिसत नव्हत्या.

नादिर आला नाही. प्रवासाची परवानगी वेळेत मिळाली नाही, आणि तिकडे त्याच्या वर्तमानपत्रानं त्याचं सदर बंद केलं. त्याची खुर्ची रिकामी ठेवली होती. ती बघून माझ्या मुठी वळल्या. एकानं दार बंद केलं, दुसऱ्यानं तोंड. दोघांचं काम एकच.

रूतनं त्याचा लेख वाचला. बुटकी, पिकल्या केसांची बाई. आईनं मिठाईच्या ताटासमोर दार लावलं त्या ओळीवर ती थांबली, पाणी मागितलं, मग समोर बसलेल्या रोजेदारांकडे बघून पेला तसाच खाली ठेवला.

रूतचा लेख नादिर वाचणार होता. आता कोण? मिसेस टेओ माझ्याकडे वळल्या. तिसरा परीक्षक. मी उठलो. मी आजवर शेकडो सभांत बोललो, पण दुसऱ्याच्या घरातला कबुलीजबाब ‘मी’ म्हणून वाचायची वेळ कधी आली नव्हती. ‘मी त्याचं नाव विचारलं नाही. मी त्याला कागदी पेला दिला. मला वाटायचं, तो त्यालाच बरा वाटत असेल.’ तरी शेवटपर्यंत वाचलं.

सूर्यास्ताची घोषणा झाली, सगळ्यांनी मिळून खजूर खाल्ला. मीही दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

जेवताना रूतनं विचारलं, “तुमच्याकडे असं कोण आहे? ज्याचं नाव विचारायचं राहून गेलं?”

मी तिला आमच्या गावाची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. विहीर, देऊळ, कप. तिनं फार लक्षपूर्वक ऐकलं. मग म्हणाली, “ते तुमच्या बाबतीत झालं. मी विचारते, इथे सिंगापुरात, तुमच्याकडून?”

मी म्हटलं, “इथे आम्ही स्वतःच परके आहोत, बाई.”

तिनं फक्त भात पुढे सरकवला. मला जरा उद्धट वाटली.


रविवार, ८ ऑक्टोबर

आज लिहितोय ते रागानं. कुणावरच्या, ते लिहून झाल्यावर कळेल.

सकाळी महोत्सवाची शेवटची बैठक, आमच्याकडे. धुरामुळे खिडक्या बंद, अंगाला चिकचिक. सुमियातीनं जेवण वाढलं. बाबूरावांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “प्रबोधसर, पुरस्कारवाले झालात म्हणून आम्हाला पथ्याचं जेवण?” सगळे हसले. रस्सा पुन्हा अळणी.

मी ओरडलो. सगळ्यांसमोर. दोन आठवडे सांगतोय, जिभेला चव नाही का तुझ्या, चाखून बघायला काय होतं?

ती दारात उभी होती. बोलली ती आमची प्रियदर्शिनी. पंधरा वर्षांची, हातात फोन, मान वर न करता, इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत:

“पप्पा, शी कान्ट टेस्ट लाह. शी इज फास्टिंग. पुआसा.”

“काय?”

“रमझान. टू वीक्स ऑलरेडी. लास्ट इयर ऑल्सो.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“यू नेव्हर आस्क, व्हॉट.”

बाबूराव म्हणाले, “मग काय, लिंबू पिळा,” आणि सगळे हायसं वाटल्यासारखे जेवायला लागले. मी ताट बाजूला सारलं. गुरुवारी मी परक्या रोजेदारांसाठी घसा कोरडा ठेवून बसलो होतो, आणि घरी रोज उपाशी बाईकडून मिठाचा हिशेब घेत होतो.

मंडळी गेल्यावर हिराला विचारलं, “तिचा तो मग, ती हलालसाठी वेगळा ठेवते ना?”

“हलाल?” हिरा म्हणाली. “अहो, पहिल्या दिवशी एजन्सीतल्या बाईनं सांगितलं, भांडी वेगळी ठेवा, नाहीतर डोक्यावर बसेल. मी ठेवली.”

“तू? हिरा, तू असं केलंस? आपल्या घरात?”

“दोन वर्षं तुम्ही त्याच स्वयंपाकघरात चहा पिताय. तुम्हाला तो मग दिसला नाही?”

“आणि रविवार? तिला एकही रविवार दिला नाहीस?”

“देते की. उद्यापासून देते. मग तुमच्या बैठकांचे पोहे कोण करणार? मी? पाळी करून आल्यावर? ती यायच्या आधी कोण करत होतं, आठवतंय का?”

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. सिंकखालचा तो नारिंगी मग उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी फरशीवर आपटला. वडिलांनी आपटला तसा.

प्लॅस्टिकचा होता. फुटला नाही. टणकन उडाला, फ्रिजवर आदळला आणि घरंगळत कोपऱ्यात गेला.

सुमियाती धावत आली. तिनं मग उचलला, उलटसुलट करून पाहिला, चीर गेली नाही ना ते. मग धुतला, पुसला आणि होता तिथेच ठेवला. मला म्हणाली, “सॉरी सर. आय पुट राँग प्लेस.”


बुधवार, ११ ऑक्टोबर

सुमियातीला विचारलं, हरिरायाला, म्हणजे ईदला, तुला काय हवं? सण २४ तारखेला आहे. हे मला आता माहीत आहे. मला वाटलं पैसे मागेल, घरी पाठवायला.

ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग: “सर, वन संडे कॅन गो गेलांग? माय फ्रेंड देअर. सी द लाइट्स.”

मी काही बोलेपर्यंत घाईनं म्हणाली, “आफ्टर युवर फंक्शन ऑल्सो कॅन. आय वॉश एव्हरीथिंग फर्स्ट.”

हे वाक्य एकवीस वर्षांतल्या माझ्या एकाही भाषणात नाही.


शुक्रवार, १३ ऑक्टोबर

उज्ज्वलकडे गेलो. दार उघडून तो तसाच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

“तुझा लेख दे,” मी म्हटलं.

“स्मरणिका छापून झाली ना?”

“झाली. त्या पानावर सहलीचे फोटो आहेत. बाबूरावांचं पोट फार चांगलं आलंय. लेख रविवारी सभेत वाचायचाय.”

“मी वाचू?”

“नाही. मी. आपला लेख आपण वाचायचा नाही, दुसऱ्यानं वाचायचा. तसा नियम आहे.”

तो मग म्हणाला, “मला फितूर म्हणाला होतात, दादा.”

“म्हणालो होतो. आता परवापासून मलाही म्हणतील. सोबत होईल तुला.”

तेव्हा कुठे हसला. “आणि मी काय वाचायचं? नियम दोन्हीकडून असतो ना?”

“माझ्या वडिलांच्या कपाची गोष्ट तू सांग. मला आता ती सांगता येणार नाही.”

परतेपर्यंत बाबूरावांचा फोन आलाच. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. “सर, तुम्हाला झालंय काय? विश्वासराव समोर असणार! ते लोक खाली मान घालून हसतील. हे दळभद्री भांड्यांचं पुराण नको. आणि स्वयंपाकाचं काय? सगळ्या घरांतून बायका येणार आहेत, ठरलंय.”

“बायका नाही, बाबूराव. मेड. आपल्या बायका समोरच्या खुर्च्यांवर असतील.”

“मी माईक बंद करीन.”

“करा. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.”

“समाजात राहायचंय ना तुम्हाला? पुढच्या वर्षी व्यासपीठ मिळायचं नाही!”

मिळणार नाही, हे खरं आहे. व्यासपीठाशिवाय मी कोण, हेही मला नीटसं माहीत नाही. नादिरचं सदर गेलं. त्याची रिकामी खुर्ची मी मुठी वळून बघत होतो. तेव्हा राग किती स्वस्तात आला होता.


शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

उद्याचे बटाटे आमच्या वाट्याला आले होते. हिरा आणि मी दोघांनी सोलले. माझे अर्धे सालासकट गेले. हिरा म्हणाली, “भाषण बरं करता तुम्ही.” प्रियदर्शिनीनं फोटो काढला.

सुमियातीला सांगितलं, उद्या तू हॉलवर यायचं नाहीस, गेलांगला जा, संध्याकाळचे ईदचे दिवे बघून ये. तिला खरंच वाटेना. तीनदा विचारलं, “देन पुरी हू मेक?” मी म्हटलं, मी. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. त्यात माझ्या पुऱ्यांचा अपमान होता आणि तो मी गिळला.

तो मग अजून सिंकखालीच आहे. तिनंच ठेवलाय. फेकला तर म्हणेल, माझा मग कुठे गेला. आज संध्याकाळी सूर्यास्त झाल्यावर हिरानं टेबलावर चौथं ताट मांडलं. सुमियाती खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि खजूर खाऊन होताच उठून गेली. एका संध्याकाळी ही गोष्ट मिटत नाही. मिटली असं मला वाटायला लागलं, तर उज्ज्वलनं मला पुन्हा लेख पाठवावा.

उद्याचं भाषण. तोंड तेच ठेवलंय, एक अक्षर बदललेलं नाही. धड उज्ज्वलचं. शेवट आत्ता लिहितोय, उद्या सभेत काय होईल ते गृहीत धरून. हिरा आत पिठाचं माप काढतेय.

‘सिंगापुरातल्या माझ्या बौद्ध बांधवांनो आणि भगिनींनो! आपल्या ताटात जे कधी जेवले नाहीत, त्यांनी आपल्यावर ग्रंथ लिहिले, असं मी सुरुवातीला म्हणालो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मग उज्ज्वलचा लेख वाचला, तेव्हा वाजवल्या नाहीत. काहींनी दाराकडे पाहिलं. विश्वासराव, तुम्हीही पाहिलंत. तुमच्या घराची गोष्ट तुम्ही सांगा, मी ती सांगणार नाही. मी माझ्या घराची सांगितली.

‘मला फितूर म्हणायचं असेल तर जेवणानंतर म्हणा. आत्ता त्या भिंतीपलीकडे तेल तापलेलं आहे. तिथे उभ्या असलेल्यांपैकी काही जणींनी पहाटेपासून पाणी प्यायलेलं नाही, आणि त्या तुमच्यासाठी पुऱ्या तळतायत. त्या न चाखता तळतायत. मीठ कमी पडलं तर तुम्ही त्यांना विचारणार आहात. मी विचारलंय.

‘आज मी तुमच्याकडे शपथ मागत नाही, ठराव मागत नाही. पन्नास वर्षांत ठराव पुष्कळ झाले. एकच गोष्ट मागतो, आणि ती आत्ताच करायची आहे. पुरुषांनो, आधी तुम्ही. खुर्चीवरून उठा. त्या दारातून आत जा. तुमच्या घरून आलेल्या बाईसमोर उभे राहा, आजचा उरलेला दिवस तुझा आहे असं तिला सांगा, आणि तिच्या हातातला झारा आपल्या हातात घ्या.’